दिवे लावून येणारी पिकअप

रॅक म्हणजे काय, चार पाईप आणि आठ बोल्ट, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा कयाक खांद्यावर घेऊन ओहोटीच्या चिखलातून चालून दाखवावं. मी दोन सीझन चाललो. तिसऱ्या सीझनला माझ्या कंबरेनं साफ नकार दिला.

दिघीच्या खाडीवर माझा कयाकिंगचा लहानसा धंदा आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. त्यांना लाईफ जॅकेट चढवायचं, हातात वल्हं द्यायचं आणि तिवरांच्या झाडीतून फिरवून आणायचं. खाडी मात्र पाहुण्यांच्या घड्याळावर चालत नाही. सकाळी जिथे छातीभर पाणी, तिथे दुपारी मांडीभर चिखल. त्यामुळे जिथे पाणी असेल तिथे कयाक न्यावी लागते. कधी अलीकडच्या बंदरावर, कधी फेरीबोटीनं पलीकडे आगरदांड्याला आणि तिथून पुढे मुरुडच्या बाजूला. भाड्याचा टेम्पोवाला ऐनवेळी फोन उचलायचा नाही आणि मी रस्त्यावर उभा राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. शेवटी बायको म्हणाली, "रोज शिव्या देण्यापेक्षा एक जुनी पिकअप घे आणि गप्प बस."

पिकअप पनवेलच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतली. पांढरी, दारांवर हिरवी पट्टी, इंजिनाचा आवाज गोड. दार उघडलं की आत कापराचा वास यायचा, ऊन तापलं की जास्तच. डीलर देवभोळा असेल, गाडीत आरती करत असेल, असं म्हणून मी काचा उघड्या ठेवल्या. आधी हिच्यातून काय वाहायचे असं विचारलं तर तो म्हणाला, "माल." कसला माल, हे मी विचारलं नाही. स्वस्तात मिळालेल्या वस्तूला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

हौद्यातल्या पत्र्यात चार होल होते. अगदी काटकोनात, समोरासमोर, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. तिथे कुणीतरी काहीतरी बसवलं होतं, बरीच वर्षं वापरलं होतं आणि मग काढून नेलं होतं. मला तर आनंदच झाला. रॅकचे पाय बसवायला आयती सोय.

आमच्या भागात असलं काम करावं ते एकाच माणसानं. दिघीहून म्हसळ्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत गेलं की त्याची शेड लागते. चौदा वर्षं आखातात जहाजांचं वेल्डिंग करून तो परत आला, आणि आता लोखंडी गेट, खिडक्यांच्या जाळ्या, बोटींचे कठडे असं काहीही करून देतो. माझे वडील त्याच्या गावच्या शाळेत मास्तर होते. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंही वडिलांच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे तो मला उगाचच "सर" म्हणतो. मी त्याला "भाई" म्हणतो.

मी गाडी शेडसमोर उभी केली तेव्हा तो ग्राइंडर चालवत होता. त्यानं मान वर केली आणि ग्राइंडर बंद केला. गाडीकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, टायर पंक्चर झालाय.

"कुठून घेतलीत?"

"पनवेलवरून. का?"

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, हौद्यात चढला आणि मी रॅक, पाईप, उंची असं बरंच काही सांगत असताना खाली बसून त्यानं त्या चार होलांपैकी एकावर अंगठा ठेवला. मग म्हणाला, "साडेसहा फूट." टेप त्याच्या खिशातच होती. मी माझ्या टेपनं मोजलं. या होलापासून त्या होलापर्यंत बरोबर साडेसहा फूट भरलं.

"नजर पक्की आहे तुमची," मी म्हटलं. तो उतरला आणि घराच्या दाराकडे बघून आला, कुणी बाहेर येत नाही ना, याची खात्री करायला.

मग त्याच्या अटी सुरू झाल्या. गाडी बुधवारीच आणायची. पुढच्या रस्त्यानं नाही, शाळेमागच्या वाटेनं. सकाळी नऊनंतर, आणि तीनच्या एसटीच्या आत गाडी इथून निघाली पाहिजे. कारण काय, तर बुधवारी त्याची बायको त्याच्या आईला डोळे दाखवायला म्हसळ्याला नेणार होती. आता आईच्या डोळ्यांचा आणि माझ्या रॅकचा काय संबंध? मी गाडी चोरून आणली होती की काय? माझं डोकं तापलं. पण दगडाखाली हात माझाच होता, शनिवारचं पहिलं बुकिंग घेऊन बसलो होतो. म्हटलं ठीक आहे.

बुधवारी आणखी एका गोष्टीवरून जुंपली. रॅकचे पाय त्या जुन्या होलांत बसवायचे नाहीत, असं तो म्हणायला लागला. चार बोटं पुढे नवे होल पाडू या. मी म्हटलं, "भाई, पत्र्याला जितकी भोकं कमी तितकं बरं. खारं वारं, पाणी शिरणार, दोन वर्षांत हौद्याची चाळण होईल. असलेले होल सोडून नवे पाडायला पैसे वर आलेत काय?"

"सर, ते होल नकोत."

"का नकोत?"

तो खडूनं पत्र्यावर नव्या होलांच्या खुणा करायला लागला. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा देवांबरोबर भुतंखेतं, गंडेदोरे, करणी असं सगळं एकदमच घराबाहेर काढलं, आणि वडिलांनी त्यातलं काही चुकूनही आत येऊ दिलं नाही. "नको" म्हणणाऱ्याला "का" विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर ऐकायचं नाही, हे मला अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलेलं. त्यामुळे मी हट्टाला पेटलो. शेवटी तो म्हणाला, "तुमची मर्जी," आणि जुन्याच होलांत बोल्ट घातले.

काम मात्र त्यानं देखणं केलं. जीआय पाईपच्या दोन चौकटी, एक केबिनमागे, एक फाळक्याजवळ. वर आडवे पाईप, त्यावर कयाक कुशीवर टेकायला वाकवलेल्या कमानी. कमानींना जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, प्लास्टिक घासू नये म्हणून. बाजूला सायकलींसाठी हुक, वल्ह्यांसाठी वेगळा पाईप. पण त्याचं अर्धं लक्ष मनगटावरच्या घड्याळात होतं. दोन वाजून गेल्यावर तर तो सारखा रस्त्यापर्यंत जाऊन बघून यायला लागला. शेवटचे टाके मारताना तो एक गोष्ट विसरला, जी त्याच्या शेडमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असेल. गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची वायर सोडवायची.

काहीतरी तडतडलं. हॉर्न गेला तो गेलाच. आणि हेडलाईट लागले ते चावी काढली तरी बंद होईनात.

भरदुपारी ते दोन दिवे जळत होते आणि तो त्यांच्याकडे बघत मागे मागे सरकत होता. चौदा वर्षं आगीशी खेळलेला माणूस, चेहरा राखेसारखा झाला होता. मग माझा हात धरून म्हणाला, "सर, आजच्या आज वायरमनला दाखवा. पायजे तर पैसे मी देतो. पण असे दिवे लावून गाडी गावातून न्यायची न्हाय."

मी हो हो म्हटलं आणि शाळेमागच्या वाटेनं घरी आलो. वायरमन शनिवारपर्यंत मोकळा नव्हता. मीही फार धावपळ केली नाही. दिवे दिवसा जळले म्हणून कुणाचं काय बिघडतं? गाडी उभी केली की बॅटरीची वायर काढायची, निघताना लावायची.

प्लास्टिकची कयाक उन्हात तापली की वाकडी होते. म्हणून बायकोनं मांडवाच्या पांढऱ्या कापडाच्या खोळी शिवल्या. वाऱ्यानं फडफडू नये म्हणून दोन्ही टोकांना नाडी आणि मध्ये एक बांध. खोळ घालून कयाक रॅकवर चढवली तेव्हा बायको अंगणात थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरं कापड आणायला हवं होतं." मी हसलो. कापडात काय आहे?

शनिवारी सकाळी मी निघालो. वर एकच कयाक होती. खड्ड्यांमुळे आणि नव्या रॅकचा अंदाज यावा म्हणून गाडी अगदी सावकाश चालवत होतो. रस्त्यावरच्या पहिल्याच गावात शिरलो, आणि गाव गप्प झालं.

हे नीट सांगता येत नाही. आवाज एकदम थांबले नाहीत, गाडी जसजशी पुढे जाईल तसतसे थांबत गेले. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. किराणा दुकानदारानं शटर अर्ध्यावर ओढलं. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली, आणि त्यातल्या दोघांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली. बायका दारांत आल्या. आणि मग एकेकीनं फोन काढून कानाला लावला. या दारात, त्या दारात, वरच्या गच्चीवर. कुणी बोलत नव्हतं. सगळ्या नुसत्या कानाला फोन लावून माझ्या गाडीकडे बघत होत्या.

मी हसून हात केला. कुणी हात केला नाही. हॉर्न दाबला, तो मेलेला.

मग आरशात बघितलं. टपरीवरची माणसं गाडीच्या मागून चालत येत होती. आधी चार, मग दहाएक. हळू, माझ्या गाडीच्या वेगानं. कुणाच्या तोंडून शब्द नाही, खाली माना घातलेल्या. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. ती माणसं जागच्या जागी थांबली आणि वळणापर्यंत तशीच उभी दिसली.

त्या दिवशी पाहुण्यांना मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. परत येताना लांबचा रस्ता घेतला. बायकोला काही सांगितलं नाही. काय सांगणार? की लोक मला बघून उभे राहिले? वडील असते तर म्हणाले असते, आधी कारण शोध, मग घाबर. मी कारण शोधलं नाही. घाबरलो मात्र व्यवस्थित.

रविवारी दोन कयाक घेऊन आगरदांड्याला जायचं होतं. फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे आठ-दहा गाड्या होत्या. पुढच्या रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं आणि रिक्षा बाजूला घेतली. मग त्याच्या पुढच्यानं. वाट आपोआप मोकळी होत गेली आणि मी सगळ्यांच्या आधी बोटीवर चढलो. एरवी त्या रांगेत बापाला कुणी जागा देत नाही. तिकीटवाला प्रत्येक खिडकीशी थांबत आला, माझ्या खिडकीशी आला, वर बघितलं आणि न थांबता पुढे गेला. मी नोट बाहेर धरलेली तशीच राहिली. मोटरसायकलवरचे उतरून उभे राहिले. रविवारची गर्दी, शेंगदाणेवाला, रडणारं पोर, सगळं होतं, पण बोटीच्या इंजिनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. माझ्या दाराशेजारी एक म्हातारा उभा होता. तो वर रॅककडे बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "दोन." आणि डोळ्यांवर हात ठेवला.

मी काच वर केली. उन्हात केबिनमधला कापराचा वास दाटत गेला. पण काच खाली करायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी मी तरातरा भाईच्या शेडवर गेलो. एक कयाक वरच होती, खोळीत. या वेळी मागच्या वाटेनं नाही, सरळ पुढच्या रस्त्यानं, दिवे जळत होते तसे. मला भांडायचं होतं. घाबरलेला माणूस भांडण लवकर उकरून काढतो, निदान माझी तरी ती खोड आहे.

"काय आहे या गाडीत?" मी उतरताउतरताच ओरडलो. "तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!"

तो शेडमधून बाहेर आला, गाडी बघितली आणि धावत जाऊन घराचं दार बाहेरून ओढून घेतलं. मग मला शेडच्या आडोशाला नेलं.

"ही मय्यतची गाडी, सर."

त्यानं सांगितलं ते असं. या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात. तिथे कुणी गेला, अपघातानं म्हणा, हार्ट अटॅकनं म्हणा, की पेटी विमानानं मुंबईला येते. तिथून गावापर्यंत आणायचं काम बरीच वर्षं एकच म्हातारा करायचा, याच गाडीतून. पेटीत कापूर असतो, तो वास पत्र्यात मुरलेला. खड्ड्यांत पेटी सरकू नये म्हणून हौद्यात चार बोल्टांवर लोखंडी चौकट बसवलेली होती. "ती मीच बनवली व्हती. ते होल माझ्या हातचे हायत." म्हाताऱ्याचा एक रिवाज होता. आपल्या भागात शिरलं की भरदिवसासुद्धा हेडलाईट लावायचे, गाडी सावकाश चालवायची आणि हॉर्न वाजवायचा नाही. तेवढ्यावरून लोकांना कळायचं. मय्यत कुणाचीही असो, रस्त्यावरचा माणूस चाळीस पावलं तरी सोबत चालतो. आणि पेटी कुणाच्या दारात थांबणार ते ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक घर आपापल्या माणसाला फोन लावतं. त्यानं उचलला की सुटले.

"आता तुम्ही," तो म्हणाला, "तीच गाडी, दिवे लावून, बिनहॉर्नची, सावकाश. आन् वर पांढऱ्या कपड्यात, दोन्ही तोंडं बांधून..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मी वर बघितलं. कफनाची गाठही दोन्ही टोकांना बांधतात. तीन दिवस मी ते डोक्यावर घेऊन फिरत होतो, आणि मला त्यात फक्त कयाक दिसत होती. मला स्वतःची इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे.

"मग मला सांगितलं का नाही?"

"मा साठी," तो म्हणाला.

त्याचा धाकटा भाऊ तिकडे आखातात टगबोटीवर कामाला होता. सहा वर्षांपूर्वी बोटीवरून पडला. कंपनीचं पत्र आलं, बेपत्ता. मय्यत मिळालीच नाही. तोंड बघितल्याशिवाय मी मानणार नाही, असं आई म्हणाली. ना रडली, ना दुवा मागू दिली. गाडीवाल्या म्हाताऱ्यानं तिची समजूत घालायला म्हटलं, चाची, तो सापडला की मीच घेऊन येईन, याच गाडीतून. म्हातारा गेल्या वर्षी वारला, मुलांनी गाडी विकून टाकली. "मा ला त्यातलं काय पण ठाव न्हाय. ती अजून दिव्यांच्या गाडीची वाट बघते. म्हणून तुम्हाला म्हटलं, तिनं बघायच्या आत..."

चपलांचा आवाज आला. घराला मागचंही दार असतं.

भाईची आई. लहानखुरी बाई होती, पांढरी ओढणी कपाळापर्यंत घेतलेली. ती आमच्याकडे बघतच नव्हती. सरळ गाडीपुढे गेली आणि हेडलाईटच्या काचेवर तळवा ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली.

मग कमरेच्या पिशवीतून जुना बटणांचा फोन काढला आणि एक बटण दाबून धरलं. आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं. पलीकडून एक बाई अरबीत काहीतरी बोलली, मग तेच इंग्रजीत बोलली, की हा नंबर आता वापरात नाही. म्हातारीनं दोन्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन पुन्हा पिशवीत ठेवला. भाई शेडच्या आडोशालाच उभा होता.

"तू गुरुजींचा ना रे?" तिनं मला विचारलं.

"हो चाची."

"खाली घे त्याला. तोंड बघू दे."

"चाची, यात माणूस नाही. ही होडी आहे. प्लास्टिकची."

"मग सोडून दाखव."

माझ्या आयुष्यात मी वाद घालण्यात कधी मागे हटलो नाही. त्या दिवशी हटलो. मी पट्टे सोडले. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाई, दोघांनी कयाक खांद्यावर घेऊन उतरवली आणि अंगणातल्या दोन स्टुलांवर ठेवली. डोक्याकडची नाडी माझ्या हातानं सुटेना. मला पक्कं ठाऊक होतं की आत काय आहे, सकाळी मीच खोळ चढवली होती. तरीही ती गाठ सुटत असताना मला आत बघायची भीती वाटली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की आत तो असेल.

लाल प्लास्टिक दिसलं. तिनं बसायच्या जागेत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि पायांच्या बाजूला आत आत चाचपत राहिली. हात बाहेर आला तेव्हा बोटांना थोडी वाळू होती आणि तिवराचं एक सुकलेलं पान.

"रिकामी हाय," ती म्हणाली. सुटका झाल्यासारखीही नाही, निराश झाल्यासारखीही नाही. डबा उघडून त्यात साखर नाही म्हणावं, तसं. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

ती मात्र स्टुलाशेजारी बसली आणि विचारायला लागली. हिच्यात माणूस कसा बसतो? बुडत नाही? कुठवर नेतोस? मी सांगितलं, खाडीच्या तोंडापर्यंत, समुद्र शांत असला तर थोडं पुढेही.

"रोज?"

"सीझनमध्ये जवळजवळ रोज."

"पाण्यात बघतोस व्हय रे, जाताना?"

"बघतो चाची."

तिनं मान हलवली, कपड्यावरची वाळू झटकली आणि घरात गेली. भाईनं आणि मी कयाक उचलून पुन्हा रॅकवर चढवली.

त्याच दिवशी म्हसळ्याला जाऊन वायरिंग करून घेतलं. दिवे विझले, हॉर्न वाजायला लागला. बायकोनं गडद निळ्या कापडाच्या खोळी शिवल्या, बिनबांधाच्या. भाईनं बॅटरीची वायर स्वतःच्या हातानं सोडवली, जुने चार होल बुजवले आणि रॅकचे पाय चार बोटं पुढे सरकवले. दारांवरची हिरवी पट्टी खरवडून तिथे केशरी रंग मारला. कापूर मात्र गेला नाही. गावांतून जाताना मी गरज नसताना हॉर्न वाजवायचो, लोक वैतागायचे, आणि ते वैतागलेले बघून मला बरं वाटायचं.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. सकाळची भरती होती, मी दोन कयाक घेऊन निघालो होतो. जिथे भाईच्या घराची वाट मुख्य रस्त्याला मिळते तिथे चाची उभी होती, एकटीच. मी हॉर्न वाजवला नाही, ब्रेक मारला. वाटलं, पुन्हा सोडून दाखव म्हणेल. मी उतरायला दाराला हात घातलासुद्धा.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रिकामी हाय, ठाव हाय मला."

तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती तिनं खिडकीतून आत दिली. मी उघडून बघितलं. एक लुंगी, एक बनियन, चौकड्याचा शर्ट आणि टॉवेल. सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"होडीत ठेव. भेटला तर तसाच आणू नको. ओला असल तो."

मला बरंच काही बोलता आलं असतं. तो समुद्र कुठला, ही खाडी कुठली. सहा वर्षं म्हणजे काय. मला ते सगळं ठाऊक होतं, आणि तिच्या डोळ्यांकडे बघून कळत होतं की तिलाही ठाऊक होतं. मी सीटमागून एक ड्रायबॅग, पाणी न शिरणारी पिशवी, काढली, तिच्यात कपडे ठेवले, तोंड तीनदा गुंडाळून क्लिप लावली. तिनं पिशवी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी दाबून बघितली, क्लिपवरून बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"भिजायचे न्हाय ना?"

"नाही भिजणार, चाची."